न भाजलेलं वारूळ

गोव्याला निघाले म्हटल्यावर गल्लीतल्या एकजात सगळ्या बायकांनी मला काजू आणायला सांगितले. एकीनं तर कानाशी येऊन ‘आमच्या ह्यांच्यासाठी’ म्हणून भलतंच काही सांगितलं. मी समुद्र बघणार, हे सगळ्या धरूनच चालल्या होत्या. तर आधीच सांगून टाकते: आठवडाभर गोव्यात राहिले आणि समुद्राचं तोंडही पाहिलं नाही. ज्यांना लाटांचं वर्णन वाचायचंय त्यांनी दुसरं काही वाचावं. मी गेले होते एक भट्टी पेटताना बघायला, आणि ती भट्टीही पेटली नाही.

कोल्हापुरात आमचं कपबश्यांचं दुकान आहे. लोणच्याच्या बरण्या, आहेराचे सेट, हॉटेलवाल्यांचे जाड कप, सगळं ठेवतो. हे होते तेव्हा हे बघायचे, आता मी आणि मुलगा. दुकानाच्या वरच्या खोलीत सरोज राहायची, इथं चित्रकला शिकत होती तेव्हा. डिचोलीकडची पोर. मला वहिनी म्हणायची आणि माझ्याच दुकानातल्या कपांना नावं ठेवायची. ‘वहिनी, याला कुणाचा हातच लागलेला नाही हो.’ मी म्हणायची, ‘म्हणूनच तर गिऱ्हाईक घेतं बाई. हात लागला की डाग पडतो.’ पुढं ती मातीकाम शिकली, पेडण्याच्या मुलाशी लग्न केलं, घरामागं भट्टी बांधली. तिच्या कामाची प्रदर्शनं भरायला लागली, पेपरात फोटो आले. आमचा संबंध दिवाळीच्या फोनापुरता उरला होता. यंदा होळी झाल्यावर अवेळीच फोन आला. ‘वहिनी, वैशाखात या. आजवरची सगळ्यात मोठी भट्टी लावतेय.’

‘अगं, मी काय करू तिथं?’

‘काही नको. माझ्याशेजारी बसा. मला भीती वाटतेय.’

सरोज आणि भीती? ही पोर रात्रीच्या एसटीनं एकटी आंबोली घाट उतरून जायची. मी मुलाला म्हटलं, दुकान सांभाळ, मी चालले.

पेडणे

स्टँडवर सरोजचा नवरा बाबू न्यायला आला होता. मोठा गप्प माणूस. खाणी चालू होत्या तेव्हा त्याचा ट्रक लोहखनिज वाहायचा. खाणी बंद पडल्या, तेव्हापासून ट्रक घरासमोर फणसाच्या झाडाखाली उभा आहे. कोंबड्या त्याच्या चाकांच्या सावलीत बसतात. मी सहज विचारलं, विकत का नाही? तर म्हणाला, ‘घेतलो कोण? सगळ्यांच्या दारात एकेक आसा.’

घरात पाऊल टाकल्या टाकल्या माझी फजिती झाली. सरोजसाठी म्हणून दुकानातला सगळ्यात नाजूक सेट निवडून, स्वतःच्या हातानं भरून नेला होता. खोकं उघडलं तर दोन कपांचे तुकडे! आयुष्यभर माल भरणाऱ्या बाईच्या हातचा सेट फुटावा, मला रडूच यायचं बाकी राहिलं. बसमध्ये वरून कुणीतरी बोचकं टाकलं असणार, नाहीतर माझं बांधणं फुटत नाही. सरोज हसायला लागली. तुकड्यांतला एक कान उचलून तिनं खिडकीत ठेवला. ‘आता याला हात लागला,’ म्हणाली. लबाड.

तिच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात आणि बशीला पिरीस. इतकी वर्षं बश्या विकून मला हा शब्द ठाऊक नव्हता. पोर्तुगीज गेले, त्यांची पिरीस राहिली. सकाळी पाववाला सायकलवर पोंपों करत यायचा. त्याला पोदेर म्हणायचं. त्याच्या टोपलीत पावांच्या किती जाती! मला आवडली ती काकणं, बांगडीसारखी गोल आणि कडक, चहात बुडवून खायची. आमच्याकडे पाव म्हणजे मिसळीबरोबरचा, त्याला स्वतःची अशी चव नसते. इथं नुसत्या पावावर माझा नाष्टा व्हायला लागला. दुपारी काजूच्या बोंडांचा रस आला, त्याला निरो म्हणतात. मी पेला हातात धरून विचारत बसले, ‘चढत नाही ना? चढत नाही ना नक्की?’ बाबूला तेवढं एकदाच खळखळून हसताना पाहिलं. माशांचं मात्र जमलं नाही. आम्ही मटणाची माणसं. काटा काढत बसण्यात अर्धं जेवण निवून जातं.

घरामागं सरोजची मातीकामाची शेड. आत गेले आणि आधी तोंडातून निघालं, ‘यात चहा राहील का गं?’ भल्यामोठ्या वाडग्यांना आतून पायऱ्या पायऱ्या होत्या, तांबड्या, आणि तळाला हिरवट निळी झिलई. सरोज म्हणाली, ‘ही आमच्या गावची खाण. पावसाचं पाणी साठलं की अशी दिसते.’ दुसऱ्या फळीवर वहाणा होत्या. मातीच्या, भाजलेल्या, हातभर लांबीच्या, आणि सगळ्या टाचेशी झिजलेल्या.

‘ह्या कुणाच्या?’

‘राखणदाराच्या. गावाच्या शिवेवरून रात्री फिरतो तो. हातात काठी, घुंगरांची. लोक त्याला नव्या वहाणा ठेवतात, वर्षानं बघावं तर झिजलेल्या असतात.’

‘तू झिजलेल्याच का केल्यास?’

‘गाव गेलं ना वहिनी. शीव गेली. तो मात्र फिरत असणार, कुठून फिरायचं ते न कळून. त्याच्या वहाणा जास्तच झिजत असतील.’

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, आणि मी तिच्या वाडग्यात चहा ओतायच्या गोष्टी करत होते. मला माझीच लाज वाटली.

मग तिनं कोपऱ्यातल्या कामावरचं फडकं काढलं. मी दोन पावलं मागं सरले. वारूळ होतं! पुरुषभर उंच, अंगाखांद्यावर बोटं फुटल्यासारखे सुळके, वळ्या, बारकी भोकं. साप यायचा बाहेर, असं वाटलं. आपल्याकडे नागपंचमीला वारुळाशी जायचं, लाह्या आणि दूध वाहायचं, घरी येऊन पुरणाचे दिंड खायचे, संपलं. इथं तसं नाही. इथं वारूळ हीच देवी. सातेरी तिचं नाव. वारुळाला रोयण म्हणतात. कितीतरी देवळांत मूर्तीच्या जागी रोयण असते, आणि ती वाढते. देऊळ लहान पडलं तर देऊळ वाढवायचं, रोयण छाटायची नाही.

सरोजच्या गावातही अशी रोयण होती. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण सरोज म्हणते, ‘आता ते खाणीचं नाव झालंय.’ खाण पसरत आली तसं गाव उठलं. लोकांना डिचोलीजवळ घरं मिळाली, देवीला नवं देऊळ मिळालं. देवीचा कळस नेला, घंटा नेली, समया नेल्या. रोयण कशी न्यायची? ती जमिनीची असते. तिच्यावर खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर चढला. गावकऱ्यांनी निघताना तिची मूठभर माती तेवढी तांब्याच्या गडूत घालून आणली. इतकी वर्षं नव्या देवळात तो गडू पुजत होते. शेवटी गेल्या वर्षी सगळ्यांनी ठरवलं, आपली सरोज मातीचं एवढं काम करते, तिनंच रोयण करावी.

‘ही मूठ यात मिसळलीय,’ सरोज म्हणाली. ‘बाकीची माती त्याच डोंगराच्या पायथ्याची. उंची मात्र आठवणीतली. मी लहान असताना ती माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती.’

‘अगं, तू तेव्हा केवढी होतीस!’

‘काकाही तेच म्हणतो. तो छातीपर्यंत दाखवतो. काकी कमरेपर्यंत. एका म्हातारीनं तर आभाळाकडे हात केला. मग मी माझंच ऐकलं.’

वारूळ आतून पोकळ होतं, एकावर एक बसणाऱ्या भागांचं, म्हणजे भट्टीत मावेल आणि तडकणार नाही. वर्षभर तिनं दुसरं काही केलं नव्हतं. भट्टी नवी, मोठी बांधली होती, लाकडं रचून ठेवली होती. नव्या देवळाचं छप्पर पावसात गळतं, पण एकदा भाजलं की पुढच्या शंभर पावसाळ्यांना भ्यायचं कारण नाही. एकदा तडकलं की ती मूठभर मातीही गेली, आणि ती परत आणायची कुठून? भीती होती ती ही.

डिचोली

भट्टी पेटायच्या आदल्या दिवशी सकाळीच काकांचा फोन आला. हे शाणूकाका म्हणजे सरोजच्या वडिलांचे भाऊ. वडील गेले तेव्हापासून तिच्या माहेरची बाजू म्हणजे तेच. देवीपुढं गाऱ्हाणं घालायचा मानही त्यांचाच. फोन ठेवला तेव्हा सरोजचा चेहरा उतरला होता.

झालं होतं असं. इकडे गावचं काहीही करायचं तर देवीला विचारून. त्याला कौल लावणं म्हणतात. देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवीकडची कळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. वर्षापूर्वी काकांनी विचारलं होतं, ‘चलयेन रोयण करूं काय?’ पोरीनं वारूळ करू का? उजवी कळी पडली. सगळे खूश. पण भाजू का, हे विचारायचं राहूनच गेलं! आता कुणीतरी काढलं होतं की रोयण कधी कुणी भट्टीत घातली आहे का. आणि काकांना रात्रभर झोप नव्हती.

‘खुळेच आहेत का काय!’ मी म्हटलं. ‘वर्ष गेलं तेव्हा आठवलं नाही?’

‘त्यांनी कुंभाराच्या मडक्याशिवाय माती कधी भाजलेली बघितली नाही वहिनी. आणि मला वाटलं, मातीकाम म्हणजे भाजणं आलंच. हे विचारायचं असतं, हे मला सुचलं नाही.’

आम्ही तिघं बाबूच्या गाडीनं डिचोलीला गेलो. नवी घरं एका रांगेत, सारखी, रंग तेवढे वेगळे. काकी दारातच होत्या. आल्या आल्या पेज पुढं आली, आमसुलाची चटणी आणि खारातली मिरची. उन्हातून आल्यावर ती गरम पेज इतकी बरी वाटेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. शाणूकाका वाळकुडे, उंच, हाताला सतत काहीतरी चाळा. मला म्हणाले, ‘तूं कोल्लापूरची न्ही? अंबाबायच्या गांवची. बरें जालें, तूंय आसची.’ तूही असायला हवीस, म्हणजे.

मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. पेज संपताच विचारलं, ‘काका, वर्षभर राबलीय पोर. भाजलं नाही तर पहिल्या पावसात चिखल होईल त्याचा. देवीला काय चिखल हवाय?’

काका रागावले नाहीत. अंगणातली एक फुटकी कौलाची खापरी उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवली. ‘ही म्हज्या बापायच्या घराची. कितलींच वर्सां जालीं. भाजल्या उपरांत माती परत माती जाता काय, सांग.’

‘नाही होत.’

‘खापर उरता. रोयण वाडूंक जाय.’

वाढायला हवी! वारूळ केलेलं, मातीचं, पोकळ, ते वाढणार कसं? मी सरोजकडे पाहिलं, म्हटलं ही तरी काही बोलेल. ती खाली बघत होती.

देवळात वीस-पंचवीस माणसं जमली. देऊळ नवं, फरशी गुळगुळीत, पण गाभाऱ्यात मात्र सरोजच्या सांगण्यावरून रोयणीसाठी मधली फरशी उखडून जमीन उघडी केलेली, तांबडी. तिथं तो गडू होता, त्यावर देवीचा मुखवटा. काकांनी कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. घरात अडखळत बोलणारा माणूस इथं एका लयीत बोलत होता. ‘सातेरी माये, तुजीं लेकरां तुज्या पायांकडेन उबीं आसात. तुजो गांव मोडलो, तुजी रोयण पुरली, तरी तूं आमच्यावांगडा आयली.’ म्हणजे आमच्याबरोबर आलीस. प्रत्येक वाक्याला सगळे ‘व्हय म्हाराजा!’ म्हणत होते. शेवटी प्रश्न: भाजून आणावी असं मनात असेल तर उजवा दे, नाहीतर डावा दे.

मग सगळे कळ्यांकडे बघत उभे. पंखाही बंद ठेवला होता, कळी वाऱ्यानं पडली असं नको म्हणून. मी हात जोडले आणि सांगून टाकते, मी माझ्या अंबाबाईला साकडं घातलं: उजवी पाड बाई, उजवी. सरोजनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठले होते.

डावी पडली.

टपकन पडली, काही वेळ न लावता. काकांनी परत कळ्या लावल्या, परत गाऱ्हाणं. न भाजता, कच्चीच आणायची काय? या वेळी उजवी पडली. आणि ते लोक, ज्यांच्या पोरीचं वर्षाचं काम नुकतंच पाण्यात गेलं होतं, ते हात जोडून हसत होते! काकांच्या डोळ्यांतून धार लागली होती. मला असा संताप आला की मी चपला घालून बाहेर जाऊन उभी राहिले.

नार्वे

परतताना सरोजनं गाडी नार्व्याकडे वळवायला सांगितली. नदीकाठी सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, खोलगट जागी, आजूबाजूला माड, पोफळी आणि भातशेतं. शिवाजी महाराजांनी बांधून दिलेलं. आम्हा कोल्हापूरकरांना महाराजांचं नाव दिसलं की पाय आपोआप थबकतात. मी मनापासून नमस्कार केला. राग थोडा निवळला, सगळा नाही. बाबू गाडीशीच थांबला होता. आम्ही दोघी काठावर जाऊन बसलो. पलीकडे बेट दिसत होतं.

‘हा देव त्या बेटावरून आलेला,’ सरोज म्हणाली. ‘तिकडचं देऊळ पाडलं तेव्हा लोकांनी लपवून आणला. आमच्याकडे देवांनाही घरं बदलायची सवय आहे.’

‘ते राहू दे. तुझा विश्वास आहे का कळ्यांवर?’

तिनं काठावरचा एक खडा नदीत टाकला. मग म्हणाली, ‘माहीत नाही. कळी ओली असते, सुकली की पडते, एवढं मलाही कळतं. पण वहिनी, भट्टीतून न गेलेलं काम मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही. ते माझं असं वाटतच नाही मला. कच्चं काम म्हणजे...’ आणि तिचा बांध फुटला. मी तिला जवळ घेतलं. माझ्या वरच्या खोलीत परीक्षेच्या आधी रडायची तशीच रडली.

‘मग नको देऊस,’ मी म्हटलं. ‘भाज आणि प्रदर्शनात ठेव. लोक नावाजतील.’

तिनं डोळे पुसले. ‘प्रदर्शनासाठी केलं असतं तर भाजलं असतं. हे त्यांचं आहे. खाण आली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही, घरं कुठं पाहिजेत, देऊळ कुठं पाहिजे. आता एका गोष्टीला त्यांनी आपल्या देवीला विचारलं, आणि तेही मी मोडू?’

नदीवरून वाळूची होडी चालली होती, तिच्याकडे बघत बसलो.

ट्रक

आता प्रश्न नेण्याचा. भाजलेलं वारूळ नेणं सोपं. कच्ची वाळलेली माती म्हणजे खारी बिस्किट, नुसता धक्का लागला की कोपरा गेला. आणि पेडण्याहून डिचोलीला जाणारा रस्ता! सरोज म्हणाली, हातात धरून एकेक भाग नेऊ. बाबू म्हणाला, गाद्या टाकू. माझ्यातली दुकानदारीण जागी झाली. म्हटलं, ‘व्हा बाजूला दोघं. पेंढा आणा.’

आमच्या धंद्यात थर्माकोल आता आला. आधी सगळा माल पेंढ्यातून यायचा, खुर्ज्याहून इथवर, आणि एक कप फुटायचा नाही. पेंढा असा दाबायचा की वस्तू हलता कामा नये आणि आवळताही कामा नये. हे तंत्र माझ्या हातात आहे. त्याचा दुसरा वैताग तेवढा मला ठाऊक: पेंढा आला की वाळवी आली. एका पावसाळ्यात गोदामातली खोकी तिनं आतून पोखरली होती, हात लावला की भुगा. तेव्हापासून वाळवी हा शब्द माझ्यापुढं कुणी काढलेला मला चालत नाही.

बाबूनं शेजारच्या शेतातून पेंढा आणला, ट्रक धुऊन काढला. एवढा गप्प माणूस, पण ट्रकचा फाळका पाडताना म्हणाला, ‘वयनी, ह्याच ट्रकान आमी तो डोंगर व्हरलो. आता देवी व्हरतंव.’ डोंगर वाहून नेला, त्याच ट्रकनं आता देवी नेतोय. आणि तोंड फिरवून चाकाची हवा बघायला लागला.

मी ट्रकमध्ये चढून बसले, या वयात! खाली जाड थर, मग एकेक भाग, मधे पेंढा, आणि पोकळीतही ठासून पेंढा, म्हणजे आतून आधार. सरोज एकेक भाग हातात देताना श्वास रोखून धरायची. सगळ्यात वरचा सुळका मी मांडीवर घेतला, दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता. बाबूनं ट्रक इतका हळू चालवला की मागून म्हशी पुढं गेल्या. वाटेत उजाड तांबडे उतार, खनिज वाहून नेणाऱ्या, आता बंद पडलेल्या पट्ट्यांचे सांगाडे, आणि मधेच एखादं हिरवंगार कुळागर, म्हणजे माडापोफळींची बाग. एका खड्ड्यात चाक आदळलं तेव्हा मी सुळक्यावर वाकले, माझ्या हनुवटीला खरचटलं. सुळका शाबूत!

देवळाशी सगळी वस्ती वाट बघत होती. बायकांनी आधी ट्रकच्या चाकांवर पाणी घातलं. भाग एकावर एक चढले, उघड्या जमिनीवर. सांधे सरोजनं ओल्या मातीनं, बोटांनी मिटवले. शाणूकाका भोवती फिरले, मान वर करून बघितलं. ‘चड उंच जाली गो,’ फारच उंच झाली, म्हणाले. मग हात लावला, कपाळाला लावला आणि म्हणाले, ‘ना. उंचच आसली. आमीच विसरलेले.’

सरोज तेव्हा पहिल्यांदा हसली. त्या हसण्यावर मी काकांना सगळं माफ केलं, असं लिहायला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. मला तो पहिला पाऊस दिसत होता.

आणि निघताना माझ्या एकदम लक्षात आलं. आतला पेंढा काढायचा राहिला! सांधे मिटले, वर मुखवटा चढला, आता कोण काढणार? देवीला परत उचला म्हणायची सोय नव्हती. मी सरोजला बाजूला घेऊन सांगितलं. ‘राहू दे वहिनी,’ ती दमून म्हणाली. ‘किती दिवस टिकणारंय ते?’ कोल्हापूरपर्यंत मला तेच खात होतं. आधीच कच्चं काम, वर मी त्यात वाळवीचं जेवण भरून ठेवलेलं.

कोल्हापूर

काजू वाटून झाले, हसणारे हसून झाले. पाऊस लागला. इकडे पंचगंगा फुगली की मी तिकडचा विचार करायची. फोन करायला धजत नव्हते. एकदा केला, तर सरोज म्हणाली, छपराच्या कडेनं पाणी येतं, एका बाजूच्या वळ्या गेल्या, दोन सुळके पडले. मी कापडाचा आडोसा लावायला सांगितलं. ती म्हणाली, काका नको म्हणतो. नंतर आम्ही त्यावर बोललोच नाही.

परवा, दसऱ्याच्या आधी, दुकानात गिऱ्हाईक असताना फोन वाजला. सरोज ओरडत होती, मागं माणसांचा गलका, घंटा वाजत होती. मला आधी काही कळेना.

‘वहिनी, वाळवी लागली! आतून वाळवी लागली!’

माझ्या हातातली बशी काउंटरवर आपटली. ‘अगं बया! पेंढ्यानं घात केला गं माझ्या. सांगितलं होतं ना तुला...’

‘वहिनी, ऐका तर! पडलेल्या सुळक्यांच्या जागी ओली माती वर आलीय. नवी! वाळवीनंच आणलेली, खालून, जमिनीतून. वारूळ बांधणारी तीच ना! बोटभर वाढलीय रोयण. काका रोज सकाळी जाऊन मोजतो. माझ्या वळ्या बुजत चालल्यात वहिनी, माझ्या बोटांचे ठसे पण गेले,’ आणि ती रडत होती, हसत होती, ‘आता ती माझी राहिलीच नाही.’

मागून शाणूकाकांचा आवाज आला, ‘तिका सांग, तिच्या तणाक लागून आयल्या म्हूण!’ तिच्या पेंढ्यापायी आली म्हणून सांग तिला!

मी काय बोलले ते मला आठवत नाही. मुलगा सांगतो, मी भर दुकानात ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं आणि गिऱ्हाईक बघत राहिलं.

त्याच दिवशी दुपारी गोदामात वाळवीचं औषध मारायला माणूस आला होता. दरवर्षी मीच बोलावते त्याला, पावसाळा संपता संपता. पंप पाठीला लावून दारात उभा होता. म्हटलं, ‘आज नको बाबा. उद्या ये.’